नऊ इंच

गाडी तपासणाऱ्या मॅडमनी गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि गाडीचं मागचं दार स्वतः लोटून लावलं. दार जड, भरीव आवाज करून बसलं. मिस्त्रीला त्या आवाजाने बरं वाटलं. चार वेळा बिजागऱ्या बदलून त्याने तो आवाज कमावला होता.

"आता ताई सोडून बाकी सगळे पिवळ्या पट्ट्याच्या मागे," मॅडम म्हणाल्या.

बाकी सगळे म्हणजे मिस्त्री एकटा. तो पट्ट्यामागे हात बांधून उभा राहिला, लेकीच्या बक्षीस समारंभाला आलेल्या बापासारखा. सकाळपासून सगळं कसं मनासारखं चाललं होतं. ब्रेक पाहून झाले. पायांऐवजी हाताने गाडी चालवायचा दांडा पाहून झाला. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. ड्रायव्हरच्या जागी चाकांची खुर्ची जिथे खटका पडून अडकते, त्या पट्टीला मॅडमनी बुटाने दोन लाथा घालून पाहिल्या, पट्टी हलली नाही. मग चिंगीने शंकूंच्या मधून गाडी आठच्या आकड्यात फिरवली आणि एकाही शंकूला धक्का लावला नाही. या बाईंच्या हाताखालून पहिल्या खेपेला गाडी पास होत नाही, असं गेटवरचे एजंट छाती ठोकून सांगत. आणि त्याच बाई दहा मिनिटांपूर्वी म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, काम चोख आहे." बावीस वर्षं तो ट्रकच्या बॉड्या बांधत आला होता. कामाला चोख म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

चिंगी त्याची धाकटी बहीण. वय छत्तीस, पण घरात पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. ती पाट्या रंगवायची. अकरा वर्षांपूर्वी एका दुकानाची पाटी रंगवताना परांचीचा बांबू सरकला आणि ती तिसऱ्या मजल्यावरून खाली आली. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून मिस्त्रीने तिला फुलासारखं जपलं होतं. हे तो स्वतः सांगायचा नाही, शेजारीपाजारी सांगायचे. त्याने लग्न केलं नाही. वर्कशॉप घराला लागून घेतलं. तिला कुठे न्यायचं तर चार दिवस आधी ठरवायचं, दोन माणसं बोलवायची, खुर्ची उचलायची, उतरवायची. मग एका गोदामवाल्याने तिच्या अक्षराची कीर्ती ऐकून निरोप धाडला: नवं गोदाम नऊ महिन्यांत उभं राहील, साडेचारशे खणांवर आकडे आणि अक्षरं रंगवायची आहेत, सहा महिन्यांचं काम, रोज सकाळी सातला हजर, येण्याजाण्याची सोय तुमची. त्या सोयीसाठी मिस्त्रीने ही गाडी बांधायला घेतली होती. काम येत्या सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि आज शुक्रवार होता. प्रमाणपत्र मिळालं की झालं.

"ताई, ऐकू येतंय ना?" मॅडमनी पुढच्या खिडकीपाशी जाऊन विचारलं. "समजा, पुढून धूर यायला लागला. गाडीत तुम्ही एकट्या. गाडी बंद करायची आणि बाहेर यायचं. घाई नको. मी फक्त वेळ बघते."

घड्याळाचा खटका वाजला.

चिंगीने गाडी बंद केली. खुर्चीचा खटका सोडवला. जागच्या जागी वळली, दोन हातांनी चाकं रेटत मागच्या दारापर्यंत आली. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग ती थांबली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मिस्त्री हसतच होता. हसता हसता त्याच्या लक्षात आलं. रॅम्पचं बटण बाहेर होतं. गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, छपराच्या वळचणीखाली, पाणी जाऊ नये म्हणून रबराची टोपी घालून, त्याने स्वतःच्या हाताने बसवलेलं. ते दाबलं की दार उघडून रॅम्प खाली यायचा. आतून उघडायला काही म्हणजे काही नव्हतं.

तो पट्टा ओलांडून पुढे निघाला.

"मिस्त्री, मागे."

"एक मिनिट मॅडम, फक्त बटण दाबतो."

"तुम्ही इथे नाही आहात."

"आहे की. हा काय."

"नाही आहात. समजा, तुम्ही दुकानात गेलात."

"मी जात नाही, मॅडम. तिला गाडीत सोडून मी कुठेच जात नाही."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि परत घड्याळाकडे पाहिलं. "मागे उभे राहा," त्या म्हणाल्या.

तो मागे झाला. दाराच्या काचेतून चिंगी दिसत होती. बाहेर पडायचं बटण सापडत नसलं तर माणूस काय करेल? इकडेतिकडे चाचपेल, वर बघेल, खाली बघेल, दार ढकलून पाहील. चिंगीने यातलं काहीच केलं नाही. ती नुसती बसून राहिली. लिफ्ट खाली यायची वाट बघत उभं राहावं, इतकी शांत. आणि ती त्याच्याकडे बघत होती.

एक मिनिट गेलं, दोन गेली. समजा समजा म्हणत बाईंनी असा काही धूर सोडला होता की तो त्याच्या नाकात जायला लागला. आपण केलेलं दार, आपण केलेली काच, आणि त्यामागे ती. इतक्या वर्षांत त्याला इस्पितळातसुद्धा इतकं भ्यायला झालं नव्हतं.

तीन मिनिटांनी मॅडमनी घड्याळ बंद केलं. "उघडा आता."

त्याने पळत जाऊन बटण दाबलं. रॅम्प घरघरत खाली आला आणि चिंगी उतरली.

"टेप आहे?" मॅडमनी विचारलं.

मिस्त्रीच्या खिशात टेप नाही असं कधी झालं होतं?

"जमिनीपासून बटणापर्यंत मोजा."

"पाच फूट आठ."

"ताई, बटणाखाली जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि हात वर करा."

चिंगी गेली. पायांची फळी बंपरला टेकली. तिने हात ताणला.

"मोजा, मिस्त्री."

त्याने बहिणीच्या बोटापाशी टेप धरला. आकडा वाचताना त्याला आपलाच आवाज परका वाटला. "चार फूट अकरा."

"म्हणजे नऊ इंच कमी. आतून बाहेर येता येत नाही आणि बाहेरून आतही जाता येत नाही." मॅडम फळीवरच्या कागदावर लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. मागच्या भागात, चिंगीच्या जागेमागे, भिंतीला एक घडीची सीट होती. मऊ गादी, डोक्याशी छोटा दिवा, पाणी ठेवायला कडं. "ही कोणाची?"

"माझी."

"रोज बरोबर जाणार?"

"हो तर. वर्कशॉप दुपारनंतर उघडायचं ठरवलंय. सकाळी तिला सोडायचं, तिथेच थांबायचं, घेऊन यायचं."

"मग ताईंनी गाडी शिकायची काय गरज होती? तुम्हीच चालवायची."

बाई वाईट बोलल्या नव्हत्या. खरोखर कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं होतं, आणि तेच जास्त लागलं.

"पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे," मॅडम म्हणाल्या. "सोमवारचं काम जातं, मला ठाऊक आहे. मी एक वाजेपर्यंत या मैदानात आहे. तोवर बटणं जागेवर आली तर पुन्हा बघेन. एकच्या पुढे एक मिनिट नाही."

साडेअकरा वाजले होते.

मिस्त्री कामाला लागला. काम म्हटलं की त्याचं डोकं ठिकाणावर यायचं, निदान आजवर यायचं. हत्यारांची पेटी गाडीत होतीच. बाहेरचं बटण काढून त्याच वायरवर खाली आणणं सोपं होतं. एक भोक पाडलं, तीन फुटांवर बटण बसवलं. चिंगीने न सांगता हात पुढे केला, दाबून पाहिलं. रॅम्प वर गेला, खाली आला. आता आतलं. आत दांड्याशेजारी दुसरं बटण हवं, तिथपर्यंत वायर हवी. वायर त्याच्याकडे सव्वातीन मीटर होती. छपरातून नेली तर पाच लागणार. जमिनीतल्या नळीतून नेली तर पुरत होती, पण नळीच्या झाकणावर त्याची सीट बसवलेली होती, आठ बोल्ट मारून.

तो त्या सीटपुढे गुडघे टेकून बसला आणि तिची गादी हाताने चाचपत राहिला.

"काय झालं?" रॅम्पच्या टोकाशी चिंगी होती.

"काही नाही. सीट काढावी लागेल."

त्याने पहिला बोल्ट सैल केला, दुसरा केला. तिसऱ्याला जोर लावताना, तिच्याकडे न बघता, त्याने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू ताडपत्री काढलीस ना, त्या दिवसापासून."

त्या दिवशी तो रडला होता. पाच महिने झाकून ठेवलेली गाडी, तिच्यासमोर ताडपत्री ओढली, आणि बटण दाबून रॅम्प खाली येताना त्यालाच हुंदका आवरेना. चिंगी म्हणाली होती, छान झालीय रे दादा. मग तीन महिने दोघं रोज पहाटे बाजाराच्या रिकाम्या मैदानावर सराव करत होते. ती चालवायची, तो मागे बसायचा. थांबलं की तो पुढच्या बाजूच्या दारातून उतरायचा, मागे जाऊन बटण दाबायचा. रोज. न चुकता.

"मग तीन महिने मूग गिळून का बसलीस? एका शब्दाने बोलायचंस. दहा मिनिटांचं काम होतं तेव्हा."

"मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंयस."

पाना त्याच्या हातातून निसटला आणि पत्र्यावर खणकन पडला.

"मुद्दाम? मी? कशाला?"

"तुझ्याशिवाय मी कुठे जाऊ नये म्हणून."

ती हे रागावून म्हणाली असती तर तो भांडला असता. तिने ते, उद्या नळाला पाणी नाही म्हणून सांगावं, तशा सुरात सांगितलं.

"चिंगे, तुला असं वाटलं, आणि तू रोज माझ्याबरोबर येऊन गाडी चालवत होतीस?"

"गाडी तर मिळत होती. आहे ते घ्यावं म्हटलं. कडीचं काही बोलले होते का मी?"

"कुठली कडी?"

"घराच्या दाराची."

त्याला खरोखर आठवेना. चिंगीने ओठांवरून जीभ फिरवली. बोलू की नको, असं तिचं झालेलं दिसलं.

"मी पडले त्याला तीन वर्षं झाली होती. तू वर्कशॉपमध्ये होतास. मी एकटीच रस्त्यावर गेले, कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानापर्यंत. येताना चाक गटाराच्या जाळीत अडकलं. तासभर बसून होते. तू शोधत आलास, उचलून आणलंस, एक अक्षर बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी दाराला बाहेरून नवी कडी. पार वर."

"अगं, ती वाऱ्याने दार उघडत होतं म्हणून."

"आपल्या बोळात वारा कधी आलाय, दादा?"

कडी होती. अजूनही होती. सकाळी तिला घरात ठेवून कामावर जाताना तो सवयीने हात वर करून ती सरकवायचा, आणि संध्याकाळी घरी आला की काढायचा. आठ वर्षांत ती कडी कशासाठी आहे हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. वारा, म्हणून तो मोकळा झाला होता.

शपथ घेऊन सांगावं, असं त्याला फार वाटलं. आईची शपथ, चिंगे, हे मुद्दाम नव्हतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण त्याला बटण बसवायचा दिवस आठवला. हातात खडू घेऊन तो गाडीमागे उभा राहिला होता. डोळे मिटून त्याने हात वर केला होता, आणि हात जिथे आपसूक टेकला तिथे फुली मारली होती. कारागिराने असंच करावं, ज्याला वापरायचंय त्याच्या हाताला जागा विचारावी; हे तोच पोरांना शिकवायचा. हात त्याने स्वतःचा विचारला. मुद्दाम नव्हतं, हे खरं. विसरला, हेही खरं. पण ज्या माणसाचा विचार उठता बसता डोक्यात, त्याच्याच हाताचा विसर कसा पडतो? खोटी शपथ होईल की खरी, हेच त्याला ठरवता येईना.

"साडेपाच बोल्ट राहिलेत," चिंगी म्हणाली. "बारा वाजून गेले."

"साडेपाच?"

"तो एक तू अर्धाच काढून सोडलायस."

त्याने पाना उचलला. त्याने सीट उपटून काढली आणि खाली मैदानात ठेवली. नळीचं झाकण उघडलं, वायर ओढली. दुसरं बटण कुठून आणायचं? सीटच्या डोक्याशी दिवा होता, त्याचं बटण त्याने काढून घेतलं. मग तो ड्रायव्हरच्या जागेपाशी पत्र्यावर बसला, खडू काढला, आणि थांबला.

"आत ये," तो म्हणाला. "हात सोड. कुठे येतो बघू."

चिंगी आत आली, खुर्ची खटक्यात अडकवली, दांडा धरला आणि सोडला. हात उजव्या मांडीपासून वीतभर वर, भिंतीशी जाऊन टेकला. त्याने तिथे फुली मारली.

एकला सात मिनिटं असताना मॅडम परत आल्या. त्यांनी पुन्हा दार लोटलं, पुन्हा पट्ट्याकडे बोट दाखवलं. मिस्त्री मागे जाऊन उभा राहिला. या वेळी त्याने हात बांधले नाहीत. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. घड्याळाचा खटका वाजला. आत काहीतरी वाजलं, रॅम्प घरघरला, आणि चिंगी उन्हात उतरून आली. मग बाहेरून आत. मग पुन्हा बाहेर.

"बाहेर यायला बेचाळीस सेकंद," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर लिहू लागल्या. "बसण्याच्या जागा: एक. ती सीट परत बसवायची असेल तर वेगळा अर्ज करावा लागेल. आणि जमिनीवर बसून कुणी जायचं नाही, मी गेटवर बघते."

"नाही बसत," मिस्त्री म्हणाला.

त्यांनी शिक्का मारला आणि कागद पुढे केला. मिस्त्रीने सवयीने हात पुढे केला होता, पण कागद चिंगीच्या मांडीवर गेला. तिने तो दोनदा वाचला. मग त्याच्याकडे बघून ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले. त्याने मान हलवली.

"तू बसने येशील?" तिने विचारलं.

"येतो. तू हो पुढे."

ती गाडीत चढली. रॅम्प वर गेला, दार बसलं. गाडी पट्ट्यांवरून सरळ गेटकडे निघाली, आणि मिस्त्रीला कळलं की या गाडीची पाठ त्याने आजवर कधी चालताना पाहिली नव्हती. तो कायम आत असायचा. आपण बांधलेली गाडी अशी दिसते होय, असं त्याच्या मनात आलं. छान दिसत होती. तो मैदानात पडलेल्या आपल्याच सीटवर मटकन बसला.

गाडी गेटपाशी थांबली. मागचे पांढरे दिवे लागले आणि ती हळूहळू उलटी येऊ लागली. मिस्त्री धडपडत उठून धावला. दांडा अडकला असेल, वायर तापली असेल, घाईत कुठेतरी चुकलं असेल. खिडकीपाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली.

"काय झालं? ब्रेक लागत नाही का?"

"सगळं नीट आहे," चिंगी म्हणाली. "किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"घराची."

त्याने खिसे चाचपले. जुडग्यात वर्कशॉपच्या चार किल्ल्या होत्या, कपाटाची एक, घराची एक. घराला किल्ली एकच होती. दुसरी करून घ्यावी असं अकरा वर्षांत त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. घरी एकटं परतायची वेळ त्याच्यावरच यायची. जुडग्यातून किल्ली निघता निघेना. नख मोडलं. शेवटी निघाली, ती त्याने तिच्या तळहातावर ठेवली.

"थेट घरी ना?"

"नाही. जरा फिरते."

"कुठे?"

"ठरवलं नाही."

तिने किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि दांडा धरला. मिस्त्री खिडकीची कड धरून उभाच होता. ती सोडायला हवी हे त्याला कळत होतं.

"मग मी आत कसा जाऊ?" त्याने विचारलं.

"बेल वाजव," चिंगी म्हणाली. "मी असले तर उघडेन."